हराळी, चौरस फुटाच्या भावात

कोटेशन सतरा पानांचं होतं आणि त्यातल्या नऊ पानांवर कुत्रा होता.

आमच्याकडे कुत्रा नाही. थ्रीडी चित्रात मात्र सोनेरी केसांचा एक धिप्पाड कुत्रा हिरव्यागार गवतावर पसरला होता. शेजारी वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन एक बाई पुस्तक वाचत होत्या. त्या आमच्या घरातल्या नव्हेत, हे नक्की. आमच्या घरात सकाळी नऊ वाजता पाय वर घेऊन बसायची कुणाची हिंमत नाही. मागे दिसणारं घर मात्र आमचंच होतं. फक्त भिंतीवरचा ओलीचा डाग आणि टाकीवरची निळी ताडपत्री तेवढी चित्रातून गायब होती.

"सर, हे तुमचं बॅकयार्ड," लॅपटॉपवाला तरुण म्हणाला.

इतकी वर्षं आम्ही त्याला 'मागची बाजू' म्हणत होतो. तिथे कपडे वाळत घालतात, एप्रिलात कुरडया घालतात, उरलेल्या फरश्या आणि चेन नसलेली सायकल ठेवतात. जागा पाचशे चौरस फूट, त्यातल्या दोनशे फुटांवर वडिलांनी लावलेल्या आंब्याची सावली. पुण्यात पाचशे फूट मोकळं ठेवणारा माणूस एक तर हट्टी असतो, नाही तर त्याची बिल्डरशी बोलणी अडलेली असतात. मी दुसऱ्या प्रकारातला.

लॉनचं खूळ आलं टेक्सासहून. पुतण्या तिकडे असतो. गवत वीतभर वाढलं की त्याला सोसायटीची नोटीस येते, म्हणून तो दर शनिवारी स्वतः मशीन ढकलतो. इथे होता तोवर जेवलेलं ताट त्याने कधी उचललं नाही. पण फोटो असे पाठवतो की बघणाऱ्याला वाटावं, आयुष्यात काही कमावलं असेल तर ते गवतच.

मग 'साइट व्हिजिट' झाली. तरुणाच्या हातात लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र, मागे एक मदतनीस, त्याच्या हातात ट्रे. ट्रेमध्ये गवताचे चार चौकोनी तुकडे, वडीसारखे कापलेले. वार मंगळवार, त्यामुळे मामाही होते. मामा म्हणजे आमचे माळी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसात ते साडेआठ. खुरपं, सिकेटर, गोणपाट आणि सायकल, एवढी त्यांची सामग्री. थ्रीडी वगैरे काही नाही.

"सर, इथे आपण बर्म्युडा करू या."

मला अर्धी चड्डी आठवली.

"बर्म्युडा ग्रास, सर. इंटरनॅशनल आहे. गोल्फ कोर्सवर हेच असतं."

मामांनी खुरपं खाली ठेवलं. ट्रेमधला एक तुकडा उचलून उलटा केला. मुळांत गुंतलेली एक पांढुरकी, पेराची काडी नखाने ओढून काढली आणि दोन बोटांत मोडली.

"हराळी हाय की ही," मामा म्हणाले.

तरुण हसला. बोबडं बोलणाऱ्या पोराकडे बघून हसतात तसं. "मामा, ही हायब्रीड आहे."

"मग हायब्रीड हराळी."

दोघंही बरोबर होते. बर्म्युडा ग्रास आणि आपली हराळी एकच. वनस्पतिशास्त्रात तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. गोल्फच्या मैदानावरची संकरित जात म्हणजे हिचीच, आफ्रिकेतल्या एका चुलतबहिणीबरोबर झालेली संतती. बर्म्युडा बेटाशी तिचं नातं एवढंच, की तिथेही ती बाहेरूनच गेली.

मामा बीड जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातले. तीन एकर कोरडवाहू. २०१२-१३ च्या दुष्काळात पुण्याला आले ते राहिलेच. हराळीशी त्यांचं वैर वडिलोपार्जित आहे. शेतात ती शिरली की शेतकऱ्याची झोप उडते. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची आणि मग घरच्या सगळ्यांनी वाकून काशा वेचायच्या. काशा म्हणजे जमिनीखाली पळणारे तिचे गाठाळ कोंब. शहरी वाचकांनी तीर्थक्षेत्राशी गल्लत करू नये. वेचलेल्या काशा बांधावर टाकून वाळवायच्या आणि पेटवून द्यायच्या. एवढं करून बोटभर काशी मातीत राहिली, तर पहिल्या पावसाला बाई पुन्हा हजर. हराळी, कुंदा आणि लव्हाळा या तिघांनी जेवढ्या कंबरा वाकवल्या, तेवढ्या सावकारालाही जमल्या नसतील.

आता पंचावन्नाव्या वर्षी हाच माणूस पुण्यात हराळीला युरिया घालतो, तिला पाणी पाजतो आणि तिच्यात दुसरं काही उगवलं तर ते उपटतो.

हेच गवत भाद्रपदात दूर्वा होतं आणि मंडईत जुडीने विकलं जातं. म्हणजे शेतातून काढायला पैसे द्या, देवापुढे ठेवायला पैसे द्या आणि घरामागे लावायलाही पैसे द्या. गवत एक, नावं तीन. भाव सगळ्यांत चढा कुठल्या नावाला, हे सांगायला नको.

कोटेशनचं अकरावं पान 'प्लँट पॅलेट'चं. ते मी आईला वाचून दाखवलं. आई ब्याऐंशी वर्षांची, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून मी झाडाचं नाव वाचायचो आणि फोनवर फोटो मोठा करून तिच्यापुढे धरायचो.

"प्लुमेरिया."

"अरे, चाफा आहे तो."

"अगावे."

"घायपात. आमच्या बांधावर होता. आबा त्याचा वाख काढून दोर वळायचे."

"पेन्सिल प्लांट."

"शेर म्हणतात त्याला. चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल. घरात लहान मुलं येतात, तो नको."

"लँटाना. तीन रंगांत."

"घाणेरी? पैसे देऊन?"

विन्का म्हणजे सदाफुली आणि कॅना म्हणजे कर्दळ, हे तोवर माझं मलाच कळायला लागलं होतं. सतरा पानांच्या त्या कागदात माझ्या आजोळच्या बांधावरचं जवळजवळ सगळं रान परत आलं होतं, फक्त नाव बदलून आणि जीएसटी लावून. देशी-विदेशीचं भांडण मी इथे उकरून काढत नाही. चाफा, घायपात आणि घाणेरी तिन्ही मूळची अमेरिका खंडातली आणि सदाफुली मादागास्करची. पाहुणे म्हणून आले, घरचे झाले. ती घाणेरी तर इतकी घरची झाली की जंगलांतून तिला उपटून काढायला वनखात्यांना पैसे खर्च करावे लागतात. आम्ही तिला कुंडीत बसवून ठिबक जोडणार होतो. मला भांडायचंय ते भावाशी. त्यातही लाज अशी, की भांडायला हवं होतं तिथे मी भांडलोच नाही.

एकूण आकडा १,८५,०००. साठ टक्के आगाऊ, म्हणजे १,११,०००. कोटेशन छापील होतं, त्यावर पानाच्या आकाराचं बोधचिन्ह होतं आणि शेवटी 'टर्म्स अँड कंडिशन्स' होत्या. छापील कागदाशी घासाघीस करायची आपल्याला सवय नाही. मी निमूट फोन काढला आणि पैसे पाठवले.

त्याच आठवड्यात मामांनी पगार वाढवायचं विचारलं होतं. महिन्याला पंधराशे देतो, दोनशे वाढवा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, मागच्याच दिवाळीत वाढवले ना?" मामा म्हणाले, "तवा शंभर वाढिवले." मी म्हटलं, "बघू."

एक लाख अकरा हजारांना 'ओके' आणि दोनशेला 'बघू'. असं करणारा आमच्या गल्लीत मी एकटा नाही, एवढंच माझं समाधान.

फेब्रुवारीत माती आली. माती ब्रासने येते; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कोटेशनात 'प्रीमियम रेड सॉइल' होती. मामांनी मूठभर उचलली, पाण्याचे चार थेंब टाकून मळून बघितली. गोळा होईना. "ह्यात निम्मा मुरूम हाय. पोयटा पायजे हुता, अन् शेणखत कुजलेलं." तरुणाने 'नोटेड' म्हणून सांगितलं. कॉर्पोरेट भाषेत 'नोटेड' म्हणजे आपल्याकडच्या 'बघू'चाच सख्खा भाऊ.

दुसऱ्या दिवशी सोरतापवाडीकडच्या नर्सरीतून टेम्पो आला. सोलापूर रस्त्यावर हडपसर सोडलं की उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांग लागते. अर्ध्या पुण्याची हिरवळ तिथूनच निघते. गवताच्या सपाट चकत्या, म्हणजे 'शीट', चपात्यांसारख्या एकावर एक रचलेल्या. दुपारी तीनपर्यंत मागची बाजू हिरवी झाली होती. संध्याकाळी शेजारपाजारचे बघून गेले. मी स्टेटस ठेवलं. टेक्सासहून अंगठा आला.

आणि मग घरात नियम आले.

सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जपानच्या ओकायामातल्या बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथे हिरवळीवर पाय पडला की रखवालदाराची शिट्टी वाजते. पुलंच्या नावाच्या बागेत बसायला बंदी, हा विनोद पुण्यातच होऊ शकतो, असं मी या सदरात पूर्वी लिहिलंय. फेब्रुवारीनंतर आमच्या घरातला तो रखवालदार मी झालो. महिनाभर गवतावर चालायचं नाही. कपड्यांची दोरी गच्चीवर गेली. कुरडया त्या वर्षी घातल्याच नाहीत. आई मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि पलीकडे आंब्याखाली तिची नेहमीची जागा होती तिकडे बघायची. चित्रातल्या बाईसारखं पाय वर घेऊन आमच्याकडे कुणीच बसलं नाही. बसणार कुठे? वेताची खुर्ची लॉनमध्ये रुतते, म्हणून ती व्हरांड्यात ठेवली होती.

एप्रिल उजाडला आणि पाण्याचा हिशेब सुरू झाला. हिशेब सोपा आहे, एकदा मांडून बघाच. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पुण्याच्या उन्हाळ्यात लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर धरा. पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. रोजचं पाणी २३० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे आमच्या घरात एप्रिलपासून पावणेदोन माणसं जास्त राहायला आली होती. ती बोलत नव्हती, कामाला हात लावत नव्हती, आणि आठवड्याभरात नळाचं पाणी त्यांना पुरेना. दोन महिन्यांत चौदा हजार लिटर; दहा हजारांचा एक टँकर संपून दुसऱ्याचाही बराचसा.

२०१६ चा एप्रिल आठवतो का? मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी चाललं होतं आणि इकडे आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर पाणी मारायचं की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा याच सदरात मी न्यायालयाचं अभिनंदन केलं होतं. कात्रण अजून आहे. एप्रिलात लॉनवर पाइप धरून उभा असताना ते मला रोज आठवायचं, तरी पाइप मी खाली ठेवला नाही.

"पाणी सकाळी लवकर घाला, सायेब," मामा एकदा म्हणाले. "दुपारच्याला घालून अर्धं उडून जातंय." मी उशिरा उठणारा माणूस. पाणी साडेनऊलाच पडत राहिलं.

शेजारच्यांनी या सगळ्यातून धडा घेतला आणि प्लॅस्टिकचं लॉन बसवलं. पाणी नको, खत नको, माळी नको. एप्रिलात दुपारी त्यावर त्यांचा नातू अनवाणी गेला आणि ओरडत परत आला. आता ते लॉन गार ठेवायला त्यावर पाणी मारतात.

मेमध्ये आमच्या लॉनवर डाग पडायला लागले. आधी पिवळे, मग तपकिरी, मग नुसती माती. मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं आणि लगेच ओळखलं. डाग आंब्याच्या आकाराचा होता. सावली जिथे संपत होती, तिथूनच हिरवं सुरू होत होतं. कागदावर झाड ठेवून कुणी पेन्सिलने आखून घेतल्यासारखं.

तरुणाला फोन केला. "सर, फंगस असेल. स्प्रे घेऊ." स्प्रे झाला, त्याचं बिल वेगळं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "सर, तेवढे पॅच रिप्लेस करू. कॉस्ट एक्स्ट्रा येईल." तेही झालं. महिन्याभरात ती नवी शीटही गेली. मग तो पुन्हा स्वतः आला, लाल ठिपक्याचं यंत्र घेऊन. बराच वेळ वर बघत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ॲक्च्युअली इश्यू ट्रीचा आहे. तो काढला तर लॉन परफेक्ट होईल."

हराळीला दिवसाचे पाच-सहा तास कडक ऊन लागतं. सावलीत ती जगत नाही. शेतकऱ्याला हे पाठ असतं, कारण शत्रूचं मरण कशात आहे हे माणूस आधी शिकतो. फेब्रुवारीत शीट टाकताना मामा हे बोलले होते, दोनदा. मी ऐकलं नाही, कारण त्यांच्याकडे पीडीएफ नव्हती.

आंब्याबद्दल तरुणाला मी १९७५ च्या झाड-संरक्षण कायद्याची आठवण करून दिली. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. तो म्हणाला, "परमिशनचं आम्ही बघतो सर, पॅकेजमध्ये घेऊ." मागच्या दारातून आईचा आवाज आला. "त्याला म्हणावं, आधी मला तोड." बैठक संपली.

आता या कथेतला बुधवार.

पहिले तीन महिने देखभाल फुकट होती. दोन पोरं यायची, पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर घुमवायची आणि जायची. एकदा त्यांनी एप्रिलच्या उन्हात गवत इतकं खाली कापलं की खालच्या काड्या उघड्या पडून आठ दिवस करपत राहिल्या. एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापायचा नसतो, हे मला नंतर कळलं. मेपासून वार्षिक करार सुरू झाला. महिना ४,५००, आठवड्यातून एकदा, दर बुधवारी 'ट्रेन्ड लँडस्केप एक्झिक्युटिव्ह' येणार.

पहिल्या बुधवारी बेल वाजली. दारात मामा उभे. अंगात हिरवा टी-शर्ट, छातीवर पानाचं बोधचिन्ह, पाठीवर इंग्रजीत पदनाम.

"मामा, तुम्ही?"

"व्हय. त्यांनी धा बंगल्यांचं काम दिलंय मला."

"मग कालच तर आलात की!"

"काल तुमच्याकडनं आल्तो. आज कंपनीकडनं."

मी त्यांना आत घेतलं, डाग दाखवला आणि विचारलं, काय करावं? मामांनी डागाकडे बघितलं, वर आंब्याकडे बघितलं आणि खुरपं हातात घेतलं.

"बुधवारी मी बोलायचं न्हाई, असं सांगितलंय," ते म्हणाले. "उद्याच्याला... न्हाई, शुक्रवारी सांगतो."

कंपनी माझ्याकडून एका फेरीचे अकराशे पंचवीस घेत होती. मामांना त्यातले किती मिळतात, हे मी शुक्रवारी विचारलं. चारशे. मला संताप आला. सदराला मथळासुद्धा सुचला. मग घरी बसून हिशेब केला. मी मामांना महिन्याला पंधराशे देत होतो, आठ फेऱ्यांचे. म्हणजे फेरीला एकशे साडेसत्त्याऐंशी. ज्या कंपनीला मी लुटारू म्हणणार होतो, ती त्यांना माझ्या दुपटीहून जास्त देत होती.

मथळा बदलला.

खरं तर या शहराला माळीकाम नवीन नाही. एम्प्रेस गार्डन चालवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची, गणेशखिंडीची बाग १८७३ची. लॉन हे प्रकरण साहेबाने आणलं, पण त्याच्या बंगल्यापुढे ते उगवून दाखवलं ते इथल्याच कुठल्या तरी मामांनी. नाव साहेबाचं लागलं. आता साहेब गेला, लॅपटॉप आला. कृषी विद्यापीठांच्या छत्राखाली माळीकामाचा मराठीतून अभ्यासक्रमही चालत आलाय, पण 'माळी' हा शब्द व्हिजिटिंग कार्डावर छापायला कुणी तयार नाही. लँडस्केप आर्किटेक्ट हा वेगळा, शिकलेला आणि गरजेचा माणूस. जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, झाडांची जागा हे त्याचं शास्त्र आहे आणि चांगला असेल तो आधी माळ्याशी बोलतो. माझं बोलणं चाललंय ते नुसत्या बोधचिन्हाबद्दल.

तर तुम्हाला बाग करून घ्यायची असेल, तर माझ्या १,८५,००० मधून एवढं फुकट घ्या. येईल त्या माणसाला झाडांची मराठी नावं विचारा. ततपप झालं तर चहा द्या आणि पाठवा. केलेल्या कामाचे फोटो बघू नका, एक वर्षापूर्वीची बाग बघायला जा. पहिल्या दिवशी हिरवं सगळ्यांचंच दिसतं, मेमधलं दाखवा म्हणावं. जागा भर दुपारी बारा वाजता आणि पुन्हा चार वाजता बघितल्याशिवाय जो गवताचं नाव काढतो, त्याने तुमचं ऊन बघितलेलंच नाही. माती ओली करून मुठीत दाबून बघा. थोडे पैसे एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत हातचे राखा. कुंपणाला झटपट वाढणारं कोनोकार्पस सुचवलं तर गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी का घातली, हे त्यालाच विचारा.

आणखी एक, यात तिरकस काही नाही. फवारणी करून घेत असाल तर हातमोजे, तोंडाला बांधायला नीट मास्क आणि नंतर हातपाय धुवायला साबण-पाणी तुम्ही द्या. आमच्याकडे 'फंगस'चा स्प्रे मारणारं पोर रुमाल बांधून आलं होतं, आणि तो रुमालही मध्ये सुटला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. बंगल्याच्या फाटकाआत तेच औषध गुलाबावर मारलं म्हणून ते सौम्य होत नाही.

शुक्रवारी मामांनी सांगितलं ते असं. आंब्याखालचे दोनशे फूट सोडून द्या. तिथे पाला पडू द्या, झाडू नका, तो तिथेच कुजू द्या. कडेला हळद लावा, अळू लावा, त्यांना सावली चालते. उरलेल्या तीनशे फुटांतली हराळी राहू द्या. पावसाळ्यात तिला कुणाची गरज नसते आणि उन्हाळ्यात वाळली तरी मरत नाही, पाऊस पडला की परत येते. "ती मरत असती तर मी पुण्याला कशाला आलो असतो?" असं म्हणून ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच एवढं हसताना बघितलं.

याला खर्च किती, म्हणून विचारलं. हळदीचे कंद ते गावाहून आणणार होते. अळू आमच्याच न्हाणीच्या मोरीपाशी होतं.

जूनमध्ये मी कंपनीला करार मोडल्याचं कळवलं. उरलेल्या महिन्यांचे पैसे बुडाले, कारण टर्म्स अँड कंडिशन्समधलं सातवं कलम मी वाचलं नव्हतं. मामांचे तीन हजार केले. ते "बघू" म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली. कपड्यांची दोरी खाली आली. आईची खुर्ची आंब्याखाली गेली, पाल्यावर, पाय खालीच. टेक्सासला मी अजून काही कळवलेलं नाही.

टी-शर्ट मामांनी परत करायला नेला होता, पण कंपनीने घेतला नाही, त्याचे अडीचशे रुपये कापून घेतले. आता तो घालूनच ते मंगळवारी-शुक्रवारी येतात आणि भरपूर बोलतात.

त्यांचा बुधवार मात्र मोकळा झालाय. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाला हवा असेल तर या सदराच्या पत्त्यावर कळवा. फेरीचे चारशेपेक्षा कमी सांगू नका आणि पैसे थेट त्यांच्याच हातात द्या.